रेडिओ बंद कर, बिर्ना

वजनकाटा पिशवीत परत ठेवताना
माझ्या लक्षात आलं:
तासभर मी या घरात आहे
आणि हेरीनं मला अजून पाहिलेलंच नाही.

आठ महिन्यांचा. दोन महिने आधीच आलेला.
त्या रात्री वारा एवढा की हेलिकॉप्टर उडेना,
समुद्राखालच्या दोन बोगद्यांतून
त्याला तोर्शहावनला नेलं होतं,
निळा पडलेला, मुठीएवढा.

आज वजन ठीक. लांबी ठीक.
डोक्याचा घेर रेषेच्या आत, जेमतेम.
"आणि डोळे?"
"डॉक्टरांनी बॅटरी मारून पाहिले," बिर्ना म्हणाली,
"काचेसारखे स्वच्छ. मुलगे जरा आळशीच असतात."
तिचा बाप दान्याल टेबलाशी सुकं मटण कापत होता.
"मीपण असाच. तीन वर्षांचा होईतो
कुणाकडे ढुंकून बघितलं नाही."
आणि हसला.
सगळे एकमेकांना धीर देत होते त्या घरात.
धीराची डोळेझाक कधी होते
हे देणाऱ्यालाही कळत नाही.

रेडिओवर हवामान, किटलीची शिट्टी,
खिडकीला फुलाफुलांचा पडदा, कुत्र्याची नखं फरशीवर.
हेरीचं तोंड उजेडाकडे,
कुंडीतल्या रोपासारखं.
मी माझा चेहरा त्याच्यासमोर नेला.
त्या एवढ्या पसाऱ्यात
तो आणखी एक पसारा.

रेडिओ बंद कर, बिर्ना, मी म्हणाले.
किटली उतरव. कुत्रा बाहेर.
दान्याल, सुरी जरा खाली ठेव.

भांडी घासायचा लाल रबरी हातमोजा घेतला,
माझ्या काळ्या कोटासमोर धरला,
बोटं हळूच हलवली, आणि मोजू लागले.
चौदापर्यंत काही नाही.
चौदा किती मोठा आकडा आहे
ते गप्प स्वयंपाकघरात कळतं.
पंधराला त्याची मान थांबली.
सतराला डोळे आले.
आले, असंच म्हणते मी,
लांबून चालत आल्यासारखे.
मग त्यानं तोंड फिरवलं
आणि दुसरीकडे बघत, हात लांबवून
मोज्याचा अंगठा नेमका धरला.

"बघ! दिसतं त्याला!"
हो, दिसतं.
आणि तेच तर सांगणं अवघड होतं.
डोळे निरोप नीट पाठवतात, बिर्ना.
तो उघडून वाचायची खोली पार मागे, डोक्यात;
तिथले काही दिवे त्या रात्री गेले असावेत.
काही. सगळे नाहीत.
पण गलका झाला की उरलेलेही मिणमिणतात.

हे मी शहाणपणानं बोलत नव्हते.
एकवीस वर्षांपूर्वी सांदॉय बेटावरची मार्युन.
तिच्या कागदावर मी सहा वेळा लिहिलं: ठीक.
मग शाळेनं लिहिलं: हट्टी.
जिन्याच्या तोंडाशी ती थांबायची
आणि आम्ही तिला हाताला धरून ओढायचो.
नवव्या वर्षी कुणी तरी विचारलं,
हिला पायाखालचं दिसतं का?

आजही फॉर्मवर याला रकाना नाही.
मी समासात लिहिलं: लाल. शांततेत. सतरा.
सोमवारी तोर्शहावनला फोन करते, म्हणाले,
डोक्याचे फोटो काढतील, नावही देतील.
"आणि सोमवारपर्यंत?"
रोज एकच लाल स्वेटर घाल.
तो पडदा उतरव.
काही दाखवलंस की लगेच हलवू नकोस,
त्याला पोचायला वेळ लागतो.
एवढं लहान आहे डोकं, की अजून
नव्या वाटा पाडेल.
किती, ते मला माहीत नाही.
तिनं मान हलवली. रडली नाही.
मोजा त्याच्या हातातून काढूही दिला नाही.

गाडीपर्यंत दान्याल आला, बिनटोपीचा,
वाऱ्याकडे पाठ करून.
"ते खोटं होतं," म्हणाला.
"तीन वर्षांचं. आई सांगायची,
पहिल्या दिवसापासून मी
टक लावून बघायचो."